चौसष्टची जावा उभी करा, पण रंग सोलू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कराडजवळच्या गावी, वाड्याच्या पडवीत आजोबांनी १९६४ साली घेतलेली जावा २५० मोटारसायकल गेली २७ वर्षं पोत्यांखाली उभी आहे. इंजिन जाम, टाकी आतून गंजलेली, सीट उंदरांनी खाल्लेली. आरसी बुक सापडलंय, पण ते आजोबांच्याच नावावर आहे. धाकटे चुलते म्हणतात विकून टाकू, दीड लाखाला गिऱ्हाईक दारात आलंय. एका गॅरेजवाल्यानं सगळी गाडी सोलून शोरूममधून आल्यासारखी करून देतो असं सांगितलंय. तुम्हाला विचारायचंय की ही गाडी रिस्टोअर करावी का, आणि केली तर किंमत वाढेल का. सोबत अकरा फोटो पाठवलेत.

कोल्हापुरात उद्यमनगरात मी ३१ वर्षं जुन्या दुचाकींचं काम करतोय, त्यात जावा आणि येझदी सगळ्यात जास्त. फोटो मी दोन संध्याकाळी बसून, मोठे करून पाहिले. माझं मत असं आहे की गाडी विकू नका, इंजिन पूर्ण खोलून करा, आणि टाकी, मडगार्ड, चेनकव्हर यांच्या रंगाला कुणालाही हात लावू देऊ नका. असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण गॅरेजवाला त्याच्या परीनं खोटं बोलत नाहीये. तो चांगलं चकचकीत काम करूनही देईल. पण त्या कामात जे जाईल ते परत आणायला तो किंवा मी, कुणीच पुरा पडणार नाही.

जावा ही तशी दुर्मीळ गाडी नाही. मुंबईत रुस्तम इराणींची कंपनी पन्नाशीच्या दशकात चेकोस्लोव्हाकियातून जावा आणून विकत असे. आयात बंद झाल्यावर मैसूरला आयडियल जावा कारखाना निघाला आणि १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एवढ्या वर्षांत भरपूर गाड्या निघाल्या, त्यातल्या कितीतरी आजही पळतायत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवसाला गेलात तर लाल टाक्यांची रांगच दिसेल. मात्र त्या रांगेत कारखान्यातला रंग अंगावर असलेली गाडी शोधायला लागलात की बोटावर मोजण्याइतक्या सापडतात. बाकीच्यांना एकदा, दोनदा, चारदा रंग बसलाय.

त्यातही सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांचं वेगळं आहे. आधी तिकडून आलेल्या सुट्या भागांवर मैसूरला गाडी जोडली जायची, मग हळूहळू एकेक भाग इथं बनायला लागला. तुमची गाडी त्या मधल्या काळातली. तिच्यातलं काय तिकडचं आणि काय इकडचं, ते नटाच्या डोक्यावरची खूण, ओतकामावरची अक्षरं, रंगाखालचा थर बघून कळतं. बफिंगच्या चाकाखाली गेलं की ती खूण गेली.

आता तुमचा सातव्या नंबरचा फोटो. टाकीच्या उजव्या बाजूला धूळ पुसून तुम्ही जवळून काढलाय. सोनेरी रेघ बघा. रबरी पॅडच्या वर ती एका ठिकाणी किंचित जाड झाली आहे आणि तिथं दोन टोकं एकमेकांवर चढलीत. कारागिरानं ब्रश टेकवला तिथून सुरू करून पूर्ण फेरा मारला आणि तिथंच उचलला, तो हा सांधा. आज तीच रेघ स्टिकरची पट्टी लावून काढतात, नाहीतर टेप मारून फवाऱ्यानं. ती जास्त सरळ येते, पण तिला सांधा नसतो. तुमच्या टाकीवरची ही साठ वर्षांपूर्वीची हाताची खूण अजून शाबूत आहे, आणि गुडघा घासून जिथं लाल रंग विरून खालचा थर दिसतोय तो आजोबांचा आहे. एवढं टाकीवर शिल्लक असताना तिला पेंट रिमूव्हर लावायला माझा हात धजणार नाही.

हे मी फार उशिरा शिकलो. १९९८ मध्ये पन्हाळ्याच्या बाजूची एक जावा माझ्याकडे आली होती, मालक वारलेले, मुलानं आणलेली. त्यानं सांगितलं सगळं नवं करा, मी केलं. पुढच्या मडगार्डवर गावच्या पेंटरनं पिवळ्या रंगात ‘श्री जोतिबा प्रसन्न’ लिहिलं होतं. ते सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं रंग काढायला गेलं आणि गेलंच. गाडी न्यायला मुलाबरोबर त्याची आई आली. गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ती अक्षरं कुठं गेली? ह्यांनी गाडी आणली त्या दिवशी लिहून घेतली होती." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तशीच अक्षरं परत काढून देतो म्हणालो, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. तेव्हापासून रंग सोलण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा गाडीपाशी आणा, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. तुमच्या आजी आहेत का? असल्या तर त्यांना आधी आणा.

सगळ्याच गाड्यांना मी रंग नको म्हणतो असं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात मडगार्ड कापलेली, चेनकव्हर काढून टाकलेली, टाकीवर पुट्टीचा थर देऊन निळ्या-काळ्या रंगात बुडवलेली गाडी आली तर तिथं वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं. ती बिनधास्त पूर्ण करावी, आणि तिथं तुमच्या गॅरेजवाल्यासारखा माणूसच उपयोगी पडतो. तुमची तशी आहे का, हे तपासायला पातळ कापडात छोटं लोहचुंबक गुंडाळा आणि टाकीवर, मडगार्डवर अलगद फिरवा. जिथं ओढ कमी लागेल तिथं खाली पुट्टी आहे. मग सीट उचलून खाली आणि टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत बघा. तिथला रंग आणि बाहेरचा रंग एकच असेल, कडेला दुसऱ्या रंगाची किनार दिसत नसेल, तर रंग पहिलाच. फोटोवरून मला तसाच वाटतोय. तरी चुंबक फिरवाच.

कागद आणि नंबर हे मात्र पान्याला हात लावायच्याही आधी. जावाला कारखान्यातून फ्रेमवर आणि इंजिनावर एकच नंबर ठोकलेला यायचा. रॉकेलच्या बोळ्यानं दोन्ही जागा पुसा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका, घासलेला नंबर आरटीओत संशयाचा होतो. दोन्ही नंबर एकमेकांशी आणि आरसी बुकाशी जुळले तर तुमच्या गाडीचा अर्धा जीव तिथंच आहे. इंजिनाचा जुळला नाही, तर मधे कधीतरी क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा ओतीव डबा, बदललीय. गाडी टाकाऊ होत नाही, पण किंमत आणि कागद दोन्ही वेगळ्या वाटेनं जातात, आणि तसं असेल तर मला आधी कळवा.

नाव बदलायला वारसांसाठीचा ३१ नंबरचा फॉर्म आहे. त्याच्याबरोबर मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. इथं तुमचे चुलते येतात. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गाडी एकट्या तुमची नाही, ती त्यांचीही आहे. त्यांच्या सहीआधी तुम्ही पदरचे पैसे घातलेत आणि गाडी उभी राहिली, की तिची किंमत सगळ्यांच्या डोळ्यांवर येते आणि भावकीत बोलणी सुरू होतात. माझ्या शेडमध्ये पूर्ण झालेली एक गाडी याच कारणानं चार वर्षं नुसती उभी होती. चुलत्यांना आत्ता भेटा, त्यांच्या वाट्याचं काय ते आत्ता ठरवा, सही घ्या, मगच पाना उचला.

नोंदणीचं म्हणाल तर २०२१ च्या जुलैत केंद्राचा विंटेज गाड्यांचा नियम आला. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्यानं नोंदणी करणाऱ्यांना व्हीए अक्षरांची वेगळी मालिका मिळते, तिची फी २०,००० रुपये आहे आणि पुढच्या फेरनोंदणीला ५,०००. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. त्यामुळे तुमच्या मागच्या मडगार्डवर हातानं रंगवलेला तो तीन अक्षरांचा नंबर जपा, नवी प्लेट बनवायची घाई करू नका. एक मर्यादा आहे, विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं इतपत. आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेली गाडी ह्यात बसत नाही. म्हणजे डिस्क ब्रेक, बारा व्होल्टची लाइट, अलॉय चाकं असले सल्ले कुणी दिले तर हसून चहा पाजा आणि पाठवा. नोंद संगणकावर नसेल तर आधी ती चढवून घ्यावी लागेल. त्याला हेलपाटे पडतील, पण होतं.

आता इंजिन. इथं मात्र मी कसलीही दयामाया दाखवत नाही, सगळं खोलतो. तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, "गावातला मेकॅनिक म्हणतोय डिझेल सोडून, किक मारून एकदा सुरू करून बघू." कृपा करून तसं करू नका. जावाचं इंजिन टू-स्ट्रोक, आणि अशा इंजिनाच्या क्रँककेसमध्ये तेलाचा साठा नसतो. पेट्रोलबरोबर जे तेल येतं त्याच्या पातळ थरावर क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचे, बेअरिंग आणि पिस्टनला त्याच्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे रोलर चालतात. गाडी उभी राहिली की तो थर खाली उतरतो, पावसाळ्याची ओल आत बसते, आणि रोलर जिथं टेकलेले असतात तिथं गंजाचे बारीक खड्डे पडतात. २७ पावसाळे म्हणजे ते पडलेलेच आहेत असं धरून चाला. अशी गाडी सुरू होतेही, फटफट करत अंगणात एक फेरी मारते, घरातले टाळ्या वाजवतात. मग ३०-४० किलोमीटरवर रॉड खडखडायला लागतो, आणि तो तुटला तर क्रँककेसला भोक पाडतो. ती क्रँककेस म्हणजे नंबर ठोकलेला तोच भाग, जो दुसरा मिळणार नाही. अंगणातल्या एका फेरीसाठी एवढी किंमत मोजायची नाही.

दुसरं सील. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सीलं एवढ्या वर्षांत लाकडासारखी कडक झालेली असतात. प्रायमरीच्या, म्हणजे क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या बाजूचं गळलं तर गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो, तो निदान दिसतो तरी. डायनॅमोच्या बाजूचं गळलं तर हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप वर पळायला लागतं आणि पिस्टन चिकटतो. ते आधी दिसत नाही.

जाम इंजिन सोडवायची माझी पद्धत अशी. प्लग काढायचा, बॅटरीनं आत बघायचं. डिझेल आणि साधं इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून अर्धी वाटी प्लगच्या भोकातून सोडायचं आणि आठ दिवस गाडीकडे बघायचंही नाही. मग गिअर पडत असेल तर टॉपला टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं डुलवायचं. एक सूतभर हललं तरी पुरे, परत तेल सोडायचं, परत चार दिवस. किकवर उभं राहायचं नाही. जावात किक आणि गिअर एकाच लिव्हरवर आहेत, त्या शाफ्टचे दात तुटले की काम दुप्पट होतं. नाहीच सुटलं तर हेड काढून गाडी माझ्याकडे आणा किंवा कुठल्याही जाणत्याकडे न्या. हातोड्यानं पिस्टन ठोकू नका.

खोलल्यावर पहिलं मोजमाप बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं. जावाचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. बोअर अजून मूळ मापात किंवा पहिल्या ओव्हरसाइजला, म्हणजे एकदाच कापून मोठा केलेला असेल तर तुम्ही नशीबवान, सिलिंडरमध्ये अजून दोन-तीन आयुष्यं आहेत. आमच्या उद्यमनगरात चांगले बोअरवाले आहेत, पण त्यांना सिलिंडर नुसता नेऊन देऊ नका. पिस्टन आधी विकत घ्यायचा, मायक्रोमीटरनं तो मोजायचा, आणि त्या पिस्टनच्या मापानं बोअर मारायला सांगायचं. बाजारातला पिस्टन डब्यावर लिहिलेल्या मापाचा असतोच असं नाही. बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा हलक्या हातानं मारून घ्यायच्या. ही पाच मिनिटांची गोष्ट राहिली तर रिंग त्या धारेवर अडकून तुटते. क्रँक प्रेसवर खोलून नवा रॉडकिट बसवल्यावर डायल गेज लावून बघायचं, दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या वर फेर चालत नाही. जो मेकॅनिक म्हणेल डोळ्यानं बघून सरळ करतो, त्याच्याकडून क्रँक परत घ्या.

जिकॉव्हचा जुना कार्ब्युरेटर बदलायचा आग्रह बरेच जण धरतात. मी आधी तो साफ करून, स्लाइडचा ढिलेपणा बघून ठरवतो, दहातले सहा-सात चालतात. वायरिंग पूर्ण नवं करा, जुन्या रबराचा भरवसा नाही, पण सहा व्होल्टच ठेवा. सहा व्होल्टची लाइट मंद असते अशी तक्रार असते. फ्रेमवरची अर्थिंगची जागा घासून लख्ख केली की निम्मी तक्रार जाते. ब्रेकची लाइनिंग नवी लावा आणि जुन्या ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका. त्या काळच्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या. टायर-ट्यूब, स्पोक, केबल ही नवी घ्यायची. सोळा इंची टायर सहज मिळतात.

टाकी आतून गंजली आहे म्हणालात. बाहेरचा रंग सांभाळून आत काम करायचं असेल तर ॲसिडवाल्याकडे नेऊ नका. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात, दहा लिटरला अर्धा किलो, टाकी काठोकाठ भरून एक रात्र. झाकणाभोवती मेण चोळून ठेवा, म्हणजे ओघळलं तरी रंगाला लागणार नाही. सकाळी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच वाळवा आणि आत तेल फिरवा. खालच्या शिवणीला भोक निघालं तर तेवढंच झाळून घ्यायचं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं, त्यामुळे पुढंही महिनोन्‌महिने टाकी भरून ठेवू नका. फिरून आल्यावर उरलेलं काढून घ्या. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल मी लिटरला ४० मिली घालतो.

आणि बाहेरचा रंग? साध्या साबणाच्या पाण्यानं धुवा, सुती कापडावर थोडं पॉलिश घेऊन आधी सीटखालच्या लपलेल्या जागी करून बघा. हा रंग एकाच थराचा, वरून लॅकर नाही. त्यामुळे कापडावर थोडा लाल रंग उतरणारच. फिकट गुलाबी उतरतोय तोवर चालू द्या, गडद लाल यायला लागला की थांबा, तुम्ही रंगच काढताय. वरून मेण. गंजलेल्या जागी तेलाचा बोळा. क्रोम जिथं उडालाय तिथं तसाच राहू दे. टाकीचं क्रोम परत करायला गेलं की आधी बफिंगमध्ये पत्रा पातळ होतो. एकदा एका प्लेटिंगवाल्याकडून माझ्या गिऱ्हाइकाची टाकी परत आली ती कडेला टाचणीएवढी चार भोकं घेऊनच. सीट मात्र नव्यानं शिवून घ्या, जुन्याचा सांगाडा आणि स्प्रिंगा ठेवून.

किमतीबद्दल. दीड लाख आज हातात घेणं वाईट नाही, आणि चुलत्यांना पैशाची नड असेल तर त्यांचं म्हणणं मी चूक म्हणणार नाही. पण तुम्ही वर पैसे घालून नफ्यासाठी करणार असाल तर करू नका. मजुरी आणि भागांचा हिशेब लावला तर बहुतेक गाड्या घातलेले पैसेही परत देत नाहीत, आणि गिऱ्हाइकाला मी जो अंदाज देतो त्यावर अजून निम्मा खर्च मी स्वतःच धरून चालतो. नफा बाजूला ठेवून, रविवारी सकाळी किक मारून मसूर-उंब्रजपर्यंत जाऊन यायची हौस असेल तर करा. चालती, कागद सरळ असलेली आणि मूळ रंगातली गाडी पुढं कधी विकायची वेळ आलीच, तर जाणकार माणूस तिच्यासाठी नव्या रंगाच्या गाडीपेक्षा जास्त देईल. नवा रंग काय, पुढं तुमच्या मुलालाही मारता येईल. पण एकदा मारला की मूळचा परत आणता येत नाही.

ह्या आठवड्यात एवढंच करा. पोती काढून जाळू नका, झटकून बघा, टूलकिटमधले पाने, पंपाचा दांडा, किल्ली असलं बरंच पोत्यांत आणि पडवीच्या कोपऱ्यात निघतं. प्रत्येक गोष्ट वेगळ्या पिशवीत घालून वर कुठं सापडली ते लिहा. प्लगच्या भोकात तेल सोडा. दोन्ही नंबरांचे फोटो पाठवा. आणि पावसाआधी गाडी मातीच्या जमिनीवरून उचलून दोन फळ्यांवर ठेवा. चौथ्या फोटोत स्टँडचे पाय जमिनीत रुतलेले दिसतायत, तिथूनच ओल वर चढतेय.